पाणी स्वच्छ होतं, तरी गप्पी का मेले? नवीन फिशटँक ‘सायकल’ करण्याची गोष्ट

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना जे आकडे घाईत निघून गेले ते इथे नीट मांडलेत. अडखळणं, पंख्याचा आवाज आणि मध्येच आलेली दूधवाल्याची हाक काढून टाकली आहे.)

आजचा विषय कोडिंगचा नाही, मोबाईलचा नाही. आजचा विषय गप्पी मासे. आणि सुरुवातीलाच सांगतो, हा भाग म्हणजे अर्धा माफीनामा आहे. माझ्या भाच्याकडे मागितलेला.

झालं असं. मागच्या दिवाळीत ताई आणि भाचा सुप्याला आले होते. भाचा दुसरीत आहे. त्याला मासे पाळायचे होते. मी म्हटलं, त्यात काय अवघड? मामा बीटेक आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. रंगीत खडे, छोटा फिल्टर, लाईट, सगळं आणलं. टाकी साबण न लावता घासून धुतली, खडे चार पाण्यांतून काढले, पाणी भरलं. दुकानदार म्हणाला होता, एक दिवस फिल्टर चालू ठेवा आणि मग मासे सोडा. आम्ही एक दिवस थांबलो आणि बारा गप्पी सोडले. मोठ्या शेपटीचे, निळे, केशरी, एकदम झकास.

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. मला वाटलं पाणी खराब झालं असेल. म्हणून मी अर्धं पाणी बदललं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. पाचव्या दिवशी चार मासे गेले. मी पुन्हा पाणी बदललं, पुन्हा स्पंज धुतला. आठव्या दिवशी दोनच उरले. भाचा विचारत होता, “मामा, पाणी तर स्वच्छ होतं ना?” खरंच होतं. काचेतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

वडिलांनी ते उरलेले दोन मासे तांब्यात घेतले आणि गोठ्यापुढच्या हौदात सोडून दिले. वर मला म्हणाले, “हौदातलं मासं कधी मेलं नाहीत, तुझंच कसं मेलं रं?”

हा प्रश्न टोमणा म्हणून आला होता, पण तो फार चांगला प्रश्न आहे. आजचा सगळा भाग त्याचंच उत्तर आहे.

हौदात असं काय आहे?

आपल्याकडे गप्पी नवीन नाहीत. गावोगावी भिंतींवर गप्पी पाळा म्हणून रंगवलेलं असतं. आरोग्य विभागाचे लोक डासांच्या अळ्या खायला हौदात, पाण्याच्या टाक्यांत गप्पी सोडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांची पैदास करायला छोटे हौद असतात. मासा मूळचा इथला नाही, दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा आणि त्रिनिदाद बेटाचा. १८५९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि पुढे त्रिनिदादच्या रॉबर्ट गप्पी नावाच्या माणसाने लंडनला नमुने पाठवले, त्यावरून गप्पी हे नाव रूढ झालं. असा हा समुद्रापलीकडून आलेला मासा आमच्या म्हशींच्या हौदात वर्षानुवर्षं मजेत राहतोय.

आता हौद बघा. भिंतींना हिरवं शेवाळं, तळाला गाळ, हात लावला तर बुळबुळीत थर. कोणी घासायला जात नाही. पाणी दोन हजार लिटर, मासे तीस-चाळीस. खायला कोणी घालत नाही, अळ्या आणि शेवाळ्यावर भागतं. म्हशी पाणी पितात, तेवढं नवीन पाणी रोज पडतं.

आणि माझी टाकी? पन्नास लिटर पाणी, बारा मासे, दिवसातून तीनदा मूठभर खाणं कारण भाच्याला घालायला आवडायचं. आणि भिंतींवर तो बुळबुळीत थर औषधालाही नाही, कारण आम्ही सगळं चकाचक केलं होतं.

माशांना जगवणारी गोष्ट त्या थरात असते. टाकी सायकल करणं म्हणजे मासे सोडायच्या आधी तो थर तयार करून घेणं. सायकल म्हणजे इथे नायट्रोजनचं चक्र, दोन चाकांचा काही संबंध नाही.

शेतात जे होतं तेच टाकीत

शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला फार सोपं आहे. उसाला युरिया टाकला की तो थेट नायट्रेट म्हणून पिकाला मिळत नाही. जमिनीत आधी त्याचा अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, मग नायट्रेट. टाकीत अगदी हेच होतं, फक्त सुरुवात युरियाच्या पोत्याऐवजी माशांपासून होते.

मासा खाल्लेल्या प्रथिनांतला जास्तीचा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेलं पान, हे सगळं कुजलं की त्याचाही अमोनिया होतो. किती? साधं गणित करू. एक ग्रॅम खाण्यात ४० टक्के प्रथिनं धरा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन. तो सगळा अमोनिया झाला तर ५० लिटर पाण्यात दीड पीपीएमच्या वर जातो. पीपीएम म्हणजे इथे एका लिटरला एक मिलिग्रॅम. आमचा भाचा दिवसाला एक ग्रॅम तरी घालत होता.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठला किती, हे पाण्याचा पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्काच मुक्त असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. ३० अंशाला आणखी वाढून साडेसात टक्के. मुक्त अमोनिया ०.०५ पीपीएमच्या आसपास गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते. हिशोब लावा. पीएच ७ च्या पाण्यात एकूण १ पीपीएम अमोनिया मासा काही दिवस सोसेल. आपल्या बोअरच्या पाण्यात तोच १ पीपीएम त्याला मारायला लागतो.

मासे वर येऊन तोंड उघडत होते ते यामुळे. पाण्यात हवा होती, पण ती घ्यायला कल्ले धड राहिले नव्हते.

दुसरी पायरी नायट्राईट. हे रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेऊ देत नाही. रक्त तपकिरी पडतं. मासा भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात गुदमरतो. तिसरी पायरी नायट्रेट, हे त्या मानाने सौम्य. ४० पीपीएमच्या खाली ठेवलं की गप्पींना चालतं, आणि ते आपण पाणी बदलून किंवा झाडं लावून काढू शकतो.

हे काम करतं कोण?

पहिली पायरी करणारे जिवाणू आणि आर्किया, दुसरी पायरी करणारे जिवाणू. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखवले. बरीच वर्षं फिशटँकच्या पुस्तकांत दुसऱ्या पायरीला नायट्रोबॅक्टर असंच लिहिलेलं असायचं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर कळलं की तिथे हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. आणि २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराच्या काही जाती दोन्ही पायऱ्या एकट्याच करतात हे समोर आलं. त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच घेतलेला होता.

आपल्या कामाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे राहत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटतात. स्पंज, खडे, काच, झाडाची पानं. म्हणून पाणी बदललं तरी ते जात नाहीत, पण स्पंज क्लोरीनच्या पाण्याने धुतला की जातात. मी नेमकं तेच दोनदा केलं. दोन, त्यांना ऑक्सिजन सतत लागतो. तीन, ते फार सावकाश वाढतात. आपल्या पोटातला ई. कोलाय चांगली परिस्थिती मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना अर्धा दिवस ते दीड दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे लागतात. एका दिवसात फक्त पाण्यातला धुरळा खाली बसतो.

आधी स्वतःचं पाणी तपासा

बारामती तालुक्यात दोन दुनिया आहेत हे इथल्यांना सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याखालची बागायत वेगळी आणि आमची सुप्याकडची जिरायत वेगळी. आमच्याकडे बोअर, पंचायतीचा नळ आणि वाईट वर्षात टँकर. एकाच घरात तीन प्रकारचं पाणी येतं. त्यामुळे कुणाचा तरी व्हिडिओ बघून आकडे उचलू नका.

बोअरचं पाणी कठीण असतं. बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षात जाते, आंघोळीला साबण फेसत नाही. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आपण सगळ्यांनी हार्डनेसचं टायट्रेशन केलंय आणि विसरलोय. इथे ते कामाला आलं. गप्पींना कठीण पाणी आवडतं. शिवाय अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते, एका मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. मऊ पाण्यात ती संपते, पीएच धाडकन पडतो आणि जिवाणू काम थांबवतात. आपल्या पाण्यात ती भरपूर असते. म्हणजे आपलं पाणी सायकलला चांगलं आहे, पण अमोनियाची चूक अजिबात माफ करत नाही.

बोअरच्या पाण्यात खतांमुळे आधीच नायट्रेट असू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी नुसत्या नळाचं आणि बोअरचं पाणी किटने तपासा आणि आकडा लिहून ठेवा. नाहीतर नंतर दिसलेला नायट्रेट जिवाणूंनी केला की बोअरमधून आला हे कळणार नाही.

पंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ज्या दिवशी वास जास्त येतो त्या दिवशी ते पाणी थेट टाकीत नको. उघड्या बादलीत २४ तास ठेवा, जमलं तर त्यात एअर स्टोन सोडा. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, ते बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेटच असतं.

नवसागर, आणि युरिया का नको

मासे न घालता सायकल करायची तर जिवाणूंना अमोनिया आपणच द्यायचा. त्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे अमोनियम क्लोराईड. नाव परकं वाटेल, पण वस्तू जुनी आहे. हाच आपला नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा, तोच. फक्त बाजारातला मळकट खडा घेऊ नका, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध पावडर घ्या. पाव किलो घेतली तर आयुष्यभर पुरेल.

मात्रा अशी. सहा ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवा. घरच्या काट्यावर सहा ग्रॅम नीट येत नाहीत. मी ओळखीच्या सोनाराकडून मोजून आणले, तो बराच वेळ हसत होता. या द्रावणाचा एक मिलिलिटर टाकीतल्या एक लिटर पाण्याला, की सुमारे २ पीपीएम अमोनिया होतो. पन्नास लिटरला पन्नास मिलि. बाटलीवर ठळक लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

वडील म्हणाले, “घरात युरियाचं पोतं आहे की, चिमूटभर टाक.” मलाही पटलं होतं. पण २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबाचं लेपन केलेला असतो, आणि ते लेपन कशासाठी? जमिनीत अमोनियमचं नायट्रेट लवकर होऊ नये, नत्र वाहून जाऊ नये म्हणून. म्हणजे जे जिवाणू आपल्याला टाकीत वाढवायचेत, त्यांनाच दाबायला ते लेपन आहे. शेतात वरदान, टाकीत उलटा कारभार. वडिलांना हे सांगितल्यावर पहिल्यांदा त्यांनी माझ्या टाकीत रस दाखवला.

नवसागर मिळालाच नाही तर रोज माशांचं खाणं चिमूटभर टाका, ते कुजून अमोनिया होईल. चालतं, पण किती झाला यावर ताबा राहत नाही आणि पाणी वास मारतं.

सहा आठवड्यांचा हिशोब

सामान थोडंच लागतं. टाकी, स्पंज फिल्टर, एअर पंप, आणि अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, पीएच मोजणारं थेंबांचं किट. किट बारा गप्पींपेक्षा महाग पडतं, तरी घ्या. त्याशिवाय हे सगळं अंधारात चाचपडणं आहे. लॉग न बघता डीबग करण्यासारखं.

पहिला दिवस. क्लोरीन गेलेलं पाणी भरा, फिल्टर चालू, लाईट बंद. द्रावण टाकून अमोनिया २ पीपीएम करा. चिमूटभर माशांचं खाणंही टाका, कारण जिवाणूंना थोडं फॉस्फरसही लागतं.

पहिला आठवडा. काहीच होत नाही. दर दोन दिवसांनी मोजा, अमोनिया तिथेच. इथे लोकांचा धीर सुटतो. काही करू नका.

दुसरा आठवडा. अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राईट दिसायला लागतो. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली गेला की पुन्हा थोडं द्रावण टाका, १ पीपीएमपर्यंत.

तिसरा, चौथा आठवडा. नायट्राईट इतका वर जातो की किटचा रंग शेवटच्या खान्यात अडकतो. हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा. फारच अडकलं तर अर्धं पाणी बदला आणि अमोनियाची मात्रा कमी करा. नायट्रेट वाढतोय का बघा. नायट्रेटच्या किटची बाटली जोरात आणि भरपूर हलवावी लागते, नाहीतर खोटा शून्य येतो.

मग एके दिवशी नायट्राईट अचानक कोसळतो. आमच्याकडे तो ३१ व्या दिवशी पडला. तुमच्याकडे वेगळा दिवस असेल. डिसेंबर-जानेवारीत सुप्यातल्या रात्री गार असतात, तेव्हा सगळं सावकाश होतं. या जिवाणूंना २५ ते ३० अंश मानवतं.

टाकी तयार आहे का याची परीक्षा एकच. संध्याकाळी अमोनिया २ पीपीएम करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, आणि हे सलग दोनदा जमलं, तर तयार. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लोड टेस्ट म्हणतो. दिवाळीत मी थेट प्रॉडक्शनवर गेलो होतो.

परीक्षा झाली की ७०-८० टक्के पाणी बदलून साचलेला नायट्रेट कमी करा आणि एक-दोन दिवसांत मासे आणा. मासे आणायला उशीर होणार असेल तर दर दोन दिवसांनी थोडं द्रावण टाकत राहा. नाहीतर तुम्ही महिनाभर पोसलेले जिवाणू उपाशी पडतील.

सहा आठवडे लवकर संपवायचे असतील तर एकच खात्रीचा मार्ग. कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. ओला ठेवून, त्याच टाकीच्या पाण्यात, त्याच दिवशी आणून लावा. वेळ अर्ध्यावर येतो. बाटलीतल्या जिवाणूंचं काही खरं नसतं, कधी जिवंत असतात, कधी दुकानाच्या उन्हात गेलेले असतात. ओढ्यातला किंवा तळ्यातला गाळ आणू नका, त्यातून चतुराच्या अळ्या आणि रोग येतात.

लाईट गेली तर?

पुण्यात बसून व्हिडिओ करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो. जिवाणूंना ऑक्सिजन सतत हवा. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये पाणी काही तास थांबलं की आतला ऑक्सिजन संपतो, थर मरतो, आणि लाईट आल्यावर ती घाण टाकीत येते. स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असतो, त्याला त्या मानाने कमी धोका. म्हणून आपल्याकडे स्पंज फिल्टर आणि एअर पंप हीच जोडी बरी. छोटा एअर पंप चार-पाच वॅट खातो, त्याची पिन इन्व्हर्टरवर लावा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा पंप मिळतो.

उन्हाळ्यात हे जास्त महत्त्वाचं. २५ अंशाला पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. त्याच वेळी मुक्त अमोनिया वाढतो. एप्रिल-मेमध्ये टाकी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका.

मासे आणले, पुढे?

पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग दर पाच-दहा मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी पिशवीत घाला, तासभर. मासे जाळीने काढून सोडा, दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

पन्नास लिटरला सुरुवातीला पाच-सहा नर पुरे. माद्या आणल्या तर लक्षात ठेवा, गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, साधारण महिन्याला एकदा. नराचं बीज मादी कित्येक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी पिल्लं होतात. दोन माद्यांपासून सहा महिन्यांत टाकी भरते.

खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंज महिन्यातून एकदा, आणि तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. तपकिरी राहिला पाहिजे. पांढरा झाला तर तुम्ही माझी चूक केलीत.

तुमचे प्रश्न

*“मासे आधीच सोडलेत आणि वर येऊन तोंड उघडतायत. आता काय करू?”* रोज तिसरा हिस्सा ते अर्धं पाणी बदला, क्लोरीन नसलेलं आणि तितक्याच तापमानाचं. खाणं दोन दिवसांतून एकदा, अगदी थोडं. हवा वाढवा. लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराईड नायट्राईटला कल्ल्यांतून आत शिरायला अडवतो आणि गप्पींना एवढं मीठ सहज चालतं. मिठाने अमोनिया मात्र कमी होत नाही, त्याला पाणी बदलणं हाच उपाय. पाणी बदलाल तेव्हा त्या पाण्यापुरतंच मीठ घाला. आणि स्पंजला हात लावू नका.

*“आरओचं पाणी वापरलं तर चांगलं ना?”* गप्पींसाठी नाही. आरओमध्ये क्षार जातात, पीएच टिकत नाही आणि सायकल अडते. आपलं बोअरचं पाणी यांना मानवतं.

*“झाडं लावली तर सायकल लागत नाही, खरं का?”* झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात, त्यामुळे मदत नक्की होते. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी लावली तरी नायट्रेट कमी होतो. पण किटने शून्य दाखवल्याशिवाय मासे आणू नका, झाडं असली तरी.

*“पिल्लं फार झाली, ओढ्यात सोडू का?”* कृपा करून नको. इंदापूरच्या बाजूला उजनीच्या मच्छीमारांना विचारा, सकर मासा काय चीज आहे. फिशटँकची काच साफ करायला आणतात तो, मूळ दक्षिण अमेरिकेचा. कुणीतरी सोडला, आणि आता तो त्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला कोणी विकत घेत नाही. आरोग्य विभाग गप्पी कुठे सोडायचे ते ठरवून सोडतो, ते त्यांचं काम. आपण जास्तीची पिल्लं ओळखीच्यांना द्या, किंवा नर-मादी वेगळे ठेवा.

तर मंडळी, भाच्याला मी सगळं खरं सांगितलं. मासे आजारी नव्हते, पाणी घाण नव्हतं, मामाने घाई केली. पुढच्या वेळी तो आला तेव्हा टाकी रिकामीच होती, फक्त फिल्टर बुडबुडत होता. मी त्याला किट दिलं आणि रोज थेंब मोजायचं काम त्याच्याकडे सोपवलं. तो परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर मला रंग विचारायचा. ज्या दिवशी दोन्ही शून्य आले त्या दिवशी त्यानेच ठरवलं, यावेळी पाचच आणायचे. ते पाचही आहेत.

आणि हौदात सोडलेले ते दोघं? परवा वडिलांनी हाक मारली, बॅटरी लावून दाखवलं. शेवाळ्यात केशरी शेपटीची बारकी पिल्लं फिरत होती. मी स्पंजचा एक तुकडा आता त्या हौदात बुडवून ठेवलाय. महिनाभर थांबून ताईच्या घरी नवीन टाकीला लावणार आहे, तीही मासे न सोडता, खाणं टाकत, किटने मोजत. हौदातला स्पंज म्हणजे थोडा धोका आहे, म्हणून अळ्या आहेत का ते आधी बघणार.

तुमच्या भागातल्या पाण्याचा पीएच आणि नायट्रेट किती येतो ते मोजलंत तर नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत स्पंज धुऊ नका!